एकोणतिसाचा पाढा

मी मुळात भित्री आहे. लिफ्ट अडकेल म्हणून जिना चढणारी, आणि जिन्यावरून पडेन म्हणून कठडा घट्ट धरणारी. लग्नानंतर नवरा झिंडेलफिंगेनच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला आणि मीही त्याच्या मागोमाग जर्मनीत आले, तेव्हा विमानातही मी खुर्चीचे दोन्ही हात सोडले नव्हते. पण दुसऱ्यांदा दिवस राहिले त्या वर्षी जी भीती अंगात शिरली, तिच्यापुढे आधीच्या सगळ्या भित्या म्हणजे गंमतच होती.

पहिल्या खेपेला तिसरा महिना लागला होता. जर्मनच्या क्लासला उशीर होत होता, म्हणून एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडायला मी प्लॅटफॉर्मवरून धावले. गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं की धावण्याचा आणि याचा काही संबंध नाही, गर्भच मुळात टिकणारा नसावा, पुष्कळ जणींच्या बाबतीत असं होतं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, तुम्ही नव्हता त्या प्लॅटफॉर्मवर.

त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी हललेच नाही म्हटलं तरी चालेल. काठोकाठ भरलेली कळशी घेऊन चालावं तशी घरात चालायचे. शिंक आली तर पोट धरायचे. वरच्या फडताळातला डबा नवरा कामावरून येईपर्यंत तिथेच राहायचा. त्याला हे सगळं दिसत होतं, पण तोही घाबरलेला होता, म्हणून न बोलता डबा काढून द्यायचा. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, दिवसभर काय करता? मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही गरोदर आहात, आजारी नाही." मग गावातल्या स्पोर्ट्स क्लबमध्ये गरोदर बायकांसाठी चालणाऱ्या व्यायामाच्या वर्गाचा पत्ता दिला आणि व्यायाम करायला हरकत नाही अशी चिठ्ठीही लिहून दिली. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

तिथली ट्रेनर पन्नाशीची, रुंद खांद्यांची, केस अगदी बारीक कापलेले. तरुणपणी हँडबॉल खेळायची. ती सगळ्यांना एकेरीत हाक मारायची आणि आम्हीही तिला तसंच म्हणायचं, हे पचायला मला दोन वर्ग लागले. पहिल्या दिवशी तिने चिठ्ठी नीट वाचली, पहिल्या खेपेचं विचारलं, आणि मी धावण्याची गोष्ट सांगितल्यावर नुसतं "आल्झो", म्हणजे "बरं तर", म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग नियम सांगितले. उड्या नाहीत. यापुढे फार वेळ उताणं पडून काही करायचं नाही. पाणी जवळ ठेवायचं. रक्त, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, एकच पाय सुजणं, मेहनत न करता लागलेली धाप, यातलं काहीही झालं तर लाजायचं नाही, तिथल्या तिथे थांबायचं आणि तिला सांगायचं.

"आणि बोलत राहायचं," ती म्हणाली. "व्यायाम करताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करायचा."

बाकीच्या बायका भराभर बोलायच्या. बाबागाडी कुठली घ्यायची, पाळणाघरात नंबर कधी लागणार, कुणाच्या नवऱ्याने बाळाच्या खोलीला कसला भयंकर रंग दिला. मी आपली गप्प. माझं जर्मन असं, की वाक्य तुटलं तर ते दमामुळे तुटलं की व्याकरणामुळे, हे मलाच कळलं नसतं. ट्रेनर म्हणाली, तुझ्या भाषेत बोल. पण मराठीत तरी कुणाशी बोलणार? शेवटी जे तोंडात आलं ते म्हणायला लागले, आणि आला तो एकोणतिसाचा पाढा. लहानपणी त्याच्यापायी सगळ्यात जास्त मार खाल्ला होता, त्यामुळे तोच पक्का होता. पायरीएवढ्या ठोकळ्यावर एक पाय वर, एक पाय खाली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. शेजारच्या बाईला वाटलं मी प्रार्थना करते आहे. तसं ते खोटंही नव्हतं.

मला तो वर्ग आवडत होता असं सांगितलं तर ती थाप होईल. मी घाबरूनच जायचे आणि घाबरूनच परत यायचे. वर्ग संपला की इतर जणी पाणी पीत गप्पा मारायच्या, मी आधी टॉयलेट गाठायचे. कडी लावून, श्वास रोखून बघायचे. काही नाही दिसलं की भिंतीला टेकून उभी राहायचे, आणि मग हसतमुखाने बाहेर यायचे.

सहावा संपता संपता सासूबाई आल्या. पुण्यात प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने लहानखुऱ्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बॅगेत डिंक, खारीक, हळीव, आणि तीनदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तिळाच्या तेलाची बाटली. दोन्ही मुलांना आणि नणंदेच्या मुलाला याच हातांनी तेल लावून मोठं केलं, हे त्यांनी बाटली उलगडतानाच ऐकवलं.

व्यायामाचं कळल्यावर त्या खुर्चीत बसल्या.

"उड्या मारायला लावतात?"

"नाही हो आई. साधं हात-पाय हलवणं."

"डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले."

"मी येते बघायला."

आणि आल्या. हॉलमध्ये बाहेरचे बूट चालत नाहीत, म्हणून लोकरी मोजे घालून, मांडीवर पर्स घेऊन भिंतीलगतच्या बाकावर बसल्या, शाळा तपासायला आल्यासारख्या. माझा पाढा ऐकून त्यांचा चेहरा प्रथमच जरा सैल झाला. एकदा मी चोकाला अडखळले तर बाकावरून जुन्या चालीतलं एकशे सोळा आलं, "सोळोदरसे!" सगळा वर्ग वळून बघायला लागला. ट्रेनरने त्यांना अंगठा दाखवला. त्यानंतर त्या दर मंगळवारी आल्या.

पण घरी त्यांनी आपला हिशेब लावला. व्यायाम डॉक्टरांनी सांगितला तो करायचा, आणि त्याची भरपाई म्हणून बाकी आठवडा पडून राहायचं. एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घ्यायचं म्हणा ना. पहिल्या खेपेचं त्यांनाही लागलं होतं, फक्त त्या बोलत नसत. चहा पलंगावर, जेवण पलंगावर. पाय खाली ठेवला की "अगं, काय हवंय? मी देते ना!" नवरा एकदा म्हणाला, "आई, डॉक्टर रोज चालायला सांगतात." त्यावर "तू नऊ महिने पोटात वागवलंयस का कुणाला?" एवढं ऐकून तो लॅपटॉपमागे गेला. आणि मला तरी कुठे तक्रार होती? पडून राहिलं की काही होत नाही, असं माझ्या भीतीला कधीपासून वाटतच होतं. तिला आता घरातलं वडीलधारं माणूस दुजोरा देत होतं.

सातव्यात नणंदेने चार-पाच तासांवरच्या ड्युसेलडॉर्फला डोहाळजेवण ठरवलं. तिच्या घरी फुलांचे दागिने, हिरवी साडी, तिकडच्या मराठी बायकांनी केलेले पाच प्रकारचे भात, सगळं झालं. मला मात्र जाताना नि येताना मोटारीच्या मागच्या सीटवर उशांच्या मधोमध बसवून पांघरुणात गुंडाळलं होतं. वाटेत नवऱ्याने गाडी थांबवली की सासूबाई म्हणायच्या, बाहेर गारठा आहे, तिने उतरायचं कारण नाही. मी उतरले नाही. उबेत छान डुलकी लागत होती.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी डावी पोटरी ठणकायला लागली. सासूबाईंनी हात लावून पाहिलं. "भरून आलीय. बसून बसून होतं असं." त्यांनी वाटीत तेल कोमट केलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी रगडायला घेतली. त्यांच्या बोटांत जोर होता. दुखत होतं, पण त्या इतक्या मायेने चोळत होत्या की नको म्हणवेना. पाय गरम लागत होता, तो मला तेलाचा गरमपणा वाटला. चोळता चोळता त्या नणंदेच्या बाळंतपणाचं सांगत राहिल्या आणि मी ऐकता ऐकता झोपले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. हॉलच्या पायऱ्या चढताना धाप लागली. पोट वाढलंय, लागणारच, असं म्हणून मी कठड्याला धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आज नको करूस." मी म्हटलं, "हळूच करते." संगीत सुरू झालं. ठोकळ्यावर एक पाय वर, एक पाय खाली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक...

पुढचा शब्द डोक्यात होता. तो म्हणायला लागणारी हवा छातीत नव्हती.

"सत्त्याऐंशी!" बाकावरून सासूबाई ओरडल्या.

मी परत तोंड उघडलं. "त्रिक," एवढंच आलं.

"अगं, सत्त्याऐंशी! विसरलीस की काय?"

ट्रेनरला मराठीचा म कळत नव्हता. पण इतक्या मंगळवारांत तो पाढा तिच्या कानात बसला होता, तो कुठे चढतो नि कुठे टेकतो ते तिला ठाऊक होतं. आम्ही आत्ता कुठे सुरुवात केली होती, दम लागायची वेळच नव्हती. तिने संगीत बंद केलं, माझ्याजवळ आली, मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "छातीत दुखतं?" श्वास आत घेताना दुखत होतं. ते तिने विचारल्यावर मला कळलं. तिने खाली बसून माझ्या पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर केले. दोन पाय शेजारी शेजारी असे मीही कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. डावा पाय दुसऱ्याच कुणा बाईचा असावा इतका जाड होता, आणि तेलाने अजून चमकत होता.

तिने बोटाला लागलेलं तेल पाहिलं. मग माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी पोटरी चोळल्यासारखं केलं, भुवया उंचावून. मी हो म्हटलं. तिने मान जोरजोरात हलवली आणि एक हात हवेत आडवा मारला. अजिबात नाही. मग फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली.

"काय म्हणते ती?" सासूबाई मोज्यांतल्या पायांनी घसरत घसरत आल्या होत्या. "काय झालं? पायाचं काय?"

"काही नाही आई. दवाखान्यात दाखवायला सांगते."

ॲम्ब्युलन्समध्ये नाकाला ऑक्सिजन लावला. लावणारा माझा पाय बघून म्हणाला, गुठळी असावी, फार पडून राहिलं की होते. मी दोन्ही हात पोटावर ठेवून बाळ हलायची वाट बघत होते. ते हलत नव्हतं. एवढ्या दिवसांत किती मनापासून घाबरले होते, आणि घाबरायची गोष्टच चुकली होती. मागच्या वेळी धावले म्हणून गेलं असं धरून बसले होते. आता पडून राहिले तर हेही जाणार, आणि बहुधा मीही. मला मरायचं नव्हतं. मला ते मूल हवं होतं, आणि हे मी आजवर देवालासुद्धा मोठ्याने सांगितलं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. तिथे पडल्या पडल्या सांगितलं.

हॉस्पिटलात आधी बाळाचे ठोके लावले. पट्टा आवळला, यंत्र खरखरलं, आणि मग शिवणयंत्र चालावं तसा आवाज यायला लागला. नर्स हसली. मी रडायला लागले, तर ती म्हणाली, हळू, श्वास लागेल. पुढच्या तपासण्यांत निघालं ते असं की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा एक लहानसा तुकडा फुफ्फुसात गेला होता. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लगेच सुरू झाली. नवरा कारखान्यातून धावत आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच. तो उशाशी, सासूबाई पायाशी, आणि मध्ये एक तरुण डॉक्टर प्रश्न विचारत होता. लांबचा प्रवास? हो. पडून राहणं? हो. गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं, तो म्हणाला, हे कुणालाही होऊ शकतं.

"पायाला मालिश केली होती? चोळल्याने गुठळीचा तुकडा सुटू शकतो. कुणी केली?"

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, डोळे मोठे करून, जर्मनचं एक अक्षर कळत नसताना.

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मी. मी स्वतःच."

डॉक्टरने लिहून घेतलं. नवऱ्याने माझं बोट घट्ट धरलं आणि तो विषय पुढे कधी काढला नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिले, रोज चालायची सक्त ताकीद दिली, आणि बाळंतपण जवळ येईपर्यंत पोटात इंजेक्शनं घ्यायला सांगितलं. पोटात! जिथे मूल आहे तिथे सुई! नर्सने कातडीची चिमूट कशी धरायची ते दाखवलं, सुई मुलाच्या आसपासही जात नाही म्हणून शपथेवर सांगितलं. रोज सकाळी मी चिमूट धरायचे आणि रोज सकाळी दोनदा सोडून परत धरायचे. एकदाही सवय झाली नाही. त्या वेळी सासूबाई उठून बाल्कनीत जायच्या.

त्या बदलल्या होत्या. पलंगावर चहा बंद झाला. मला घेऊन रोज चालायला निघायच्या, बागेला वळसा घालून बेकरीपर्यंत. वाटेत मी पाढा म्हणायचे आणि त्या माझ्या तोंडाकडे टक लावून चालायच्या. चुकले तरी दुरुस्त करत नसत. नुसत्या थांबायच्या, माझा पुढचा आकडा येईपर्यंत.

मुलगी झाली. वेळेवर, धडधाकट, रडून सगळा मजला जागा करणारी. ट्रेनर भेटायला आली, बाळाला एका हातावर चेंडूसारखं तोलून म्हणाली, "आता बोलायचं काम हिचं." सासूबाईंनी तिला बेसनाचे लाडू बांधून दिले आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं वेळच्या वेळी. पण बाळाला तेल लावायची गोष्ट काढेनात. घरी येणाऱ्या हेबामेनेही, म्हणजे इथल्या सुईणीने, हलक्या हाताने लावा म्हणून सांगितलं होतं. बाटली कुठे दिसेना. शेवटी मी त्यांच्या बॅगेत पाहिली. तळाशी होती, पुन्हा तीनदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.

मी बाटली घेऊन त्यांच्यासमोर बसले. "आई, बाळाला तेल लावायचं ना?"

"तू लाव. तुझी तू शिक आता."

"मला येत नाही."

त्या दुपट्याच्या घड्या घालत राहिल्या. मग खालच्या मानेनेच म्हणाल्या, "तिने हात असे केले ना त्या दिवशी." आणि हवेत पोटरी चोळून दाखवली, मग हात आडवा मारला. "त्याला भाषा कशाला लागते गं? जन्मभर पोरं शिकवली मी. नाही म्हटलेलं कळतं मला."

मी बाटलीवरचं प्लॅस्टिक सोडवायला लागले.

"आणि डॉक्टरला तू काय सांगितलंस तेही कळलं. छातीवर हात ठेवून माणूस दुसरं काय म्हणणार?" त्यांचा शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आता त्यांच्याच पदरात अडकत होता. "या हातांनी मी तुम्हा दोघींना घालवलं असतं. नातीचे पाय नको बाई माझ्या हातात."

मी त्यांना समजावत बसले नाही. कुणाला माहीत होतं तेव्हा, एवढंच म्हणाले. मग त्यांचे पाय पुढे पसरायला लावले, त्यावर टॉवेल घातला, बाळाचे कपडे काढले आणि तिला त्यांच्या पायांवर ठेवलं. ती लगेच लाथा मारायला लागली. मी कोमट तेल त्यांच्या तळव्यावर ओतलं.

"तू इथेच बस," त्या म्हणाल्या. "उठू नको."

"बसते."

"जोर किती लावू? सांग मला."

"हळू. फिरवा नुसता हात."

त्यांनी एक बोट बाळाच्या पोटरीवर ठेवलं. तेल टॉवेलवर ठिबकलं, तरी बोट पुढे सरकेना. धीर यावा म्हणून असेल, त्या पुटपुटायला लागल्या. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक... आणि तिथे त्यांचा आवाज अडला.

"सत्त्याऐंशी," मी म्हटलं.